बंदर ५ फूट खोल केलं, तर वरच्या खाजणाचं काय होतं?

निरीक्षण_विहीर (नागपूर), शनिवार रात्री ९:४०

मंडळी, भूजलाच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातल्या निरीक्षण विहिरींवर जायचं, टेप खाली सोडायचा, ओली खूण वाचायची, बाटलीत नमुना भरायचा, वहीत लिहायचं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, आणि मधेही. निवृत्तीनंतर लेकीकडे साडेचार महिने राहून आलो. ती अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात सव्हाना या गावी असते. तिथं जे पाहिलं त्याने मला माझ्याच वह्यांची किंमत नव्याने कळली, म्हणून हा धागा.

सव्हाना हे नदीवरचं बंदर आहे. मोठी जहाजं आत यावीत म्हणून नदीतली वाट ४२ फुटांवरून ४७ फूट खोल केली. ही खोली ओहोटीच्या पाण्यापासून मोजतात. समुद्रातला भाग धरून ही वाट साधारण ४० मैलांची. काम २०१५ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये संपलं. बंदराच्या लगेच वरच्या अंगाला १९२७ पासून राखलेलं एक अभयारण्य आहे. तिथं मैलोन्‌मैल खाजण, म्हणजे भरतीला पाण्याखाली येणारी गवताळ दलदल, पसरलंय, पण ते गोड्या पाण्याचं.

हे मला पहिल्यांदा पटेना. भरती म्हणजे खारं पाणी, असंच मी धरून चालत होतो. पण तिथं दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं, आणि चव घेतली तर गोडं. समुद्र खालून रेटतो, त्यामुळे नदीचंच पाणी तुंबून काठावर चढतं. वैनगंगेला पूर आला की तिला मिळणाऱ्या नाल्याला फुगवटा येतो ना, तसंच. समुद्रकाठी भरतीचा चढ-उतार जवळपास ७ फुटांचा आहे, आणि त्याचा रेटा इतक्या आतपर्यंत पोचतो. म्हणून अशा जागी दोन गोष्टी एकत्र मिळतात, भरतीची ये-जा आणि गोडं पाणी. अशा जागा थोड्या असतात, आणि त्यांत वनस्पतींची विविधता निव्वळ खाऱ्या खाजणापेक्षा कितीतरी जास्त. खाऱ्या भागात नजर जाईल तिथवर एकाच जातीचं गवत. वर गेलात की पाणकणीस, रानटी भात, बाणाच्या पात्यासारख्या पानांची झुडपं, पुरुषभर उंच धारदार गवत, सगळं एकमेकांत मिसळून.

आता खोलीचा संबंध. खारं पाणी जड असतं, ते तळाने आत सरकतं. नदी वरून त्याला ढकलत असते. वाट जितकी खोल, तितकी तळाच्या खाऱ्या पाण्याला आत घुसायला जागा जास्त. पाणी गोडं म्हणायची तिथली रेघ आहे लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार. समुद्रात साधारण ३५ ग्रॅम असतात. म्हणजे समुद्राच्या पाण्याचा सत्तरावा भाग मिसळला की रेघ ओलांडली. डोळ्याला दिसत नाही, जिभेलाही नीट कळत नाही. गवताला मात्र कळतं.

आणि हे त्या नदीत आधी एकदा घडून गेलेलं आहे. १९७७ मध्ये तिच्या मागच्या फाट्यावर भरतीचं एक दार बसवलं होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला दार बंद, म्हणजे सगळं पाणी मुख्य फाट्यातून जोरात बाहेर पडेल आणि गाळ आपोआप धुऊन जाईल, असा हिशोब. गाळ उपसायचा खर्च वाचवण्यासाठी केलेली युक्ती. पण मागच्या फाट्यात खारेपणा वर चढला, गोडं खाजण निमखारं झालं, आणि तिथं अंडी घालणाऱ्या पट्टेरी बास माशाची पैदास कोसळली. १९९१ मध्ये दार वापरातून काढलं. पुढच्या वर्षी दोन फाट्यांना जोडणारा एक खोदलेला कालवा बुजवला. त्यानंतर लगेच, १९९४ च्या सुमारास, बंदर ३८ वरून ४२ फूट खोल केलं! दार काढल्यामुळे खाजण सुधारायला लागलेलं, आणि खोली वाढल्यामुळे खारं पाणी पुन्हा वर ढकललं जाणार. दोन बदल एकावर एक. मग कशामुळे काय झालं, हे सोडवायला किती जीव काढावा लागला असेल, ते मी समजू शकतो.

यावेळी मात्र खोदायच्या आधीपासून मोजणी आहे, खोदताना आहे, आणि खोदून झाल्यावर १० वर्षं ती चालायची आहे. नदीवर ठिकठिकाणी यंत्रं आहेत. महामार्गाच्या पुलाखाली, हूलिहान पुलाजवळ, लाइमहाऊसला. दर १५ मिनिटांनी पातळी आणि पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जास्त तितकी ती जास्त) नोंदवली जाते, आणि ती कोणालाही फोनवर बघता येते. मी रोज सकाळी चहाबरोबर बघायचो. खाजणात ठरलेले चौकोन आहेत. दरवर्षी त्याच जागी जाऊन कोणती वनस्पती किती, ते लिहायचं. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मुळाजवळच्या चिखलातलं पाणी काढून मोजणं. नदीतलं पाणी तासातासाला बदलतं, चिखलातलं पाणी मात्र महिनोन्‌महिन्यांची आठवण धरून असतं. गवत जगतं ते त्या पाण्यावर.

आता माझ्या मनातली गोष्ट सांगतो. आमच्या भागात एका गावात नाल्याचं खोलीकरण झालं. मी तेव्हा नोकरीत होतो. नाला आठ-दहा फूट खाली गेला. वरच्या अंगाच्या तीन शेतकऱ्यांचं म्हणणं, आमच्या विहिरी उतरल्या. खालच्या अंगाचे म्हणत, आमच्या चढल्या. चौकशी लागली आणि मला बोलावलं. त्या नाल्यावरच्या एकाही विहिरीची खोदण्याआधीची नोंद नव्हती. माझी सगळ्यात जवळची निरीक्षण विहीर साडेतीन किलोमीटर लांब. त्या तीन माणसांपुढे उभा राहून मला म्हणावं लागलं की मी काही सांगू शकत नाही. एकजण नुसता बघत राहिला. ती नजर अजून जात नाही. खोदल्यानंतर कितीही महाग यंत्र आणा, आधीचा आकडा ते देऊ शकत नाही.

---

कुहीकर, शनिवार रात्री १०:२५

काका, लय मन लावून लिहिलं तुम्ही. एक विचारतो. समुद्र असाही वर चढून राहिला, दुष्काळ पडते, वादळं येतात. मग गवत बदललं तर तो खोदकामाचाच दोष आहे हे कसं ठरवायचं? नाल्याच्या भांडणातही समोरचा हेच म्हणन, का पाऊस कमी झाला म्हणून विहीर उतरली.

---

निरीक्षण_विहीर, शनिवार रात्री ११:०५

नेमका प्रश्न. याचसाठी नुसतं "आधी आणि नंतर" पुरत नाही, शेजारची न खोदलेली जागाही लागते. सव्हानाच्या दक्षिणेला त्याच किनाऱ्यावर आल्टमहा नदी आहे. तिच्यात मोठं बंदर नाही, पण गोड्या पाण्याचं खाजण आहे, आणि २००० पासून तिथं संशोधकांचा एक दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. दुष्काळ दोन्हीकडे पडतो, समुद्र दोन्हीकडे चढतो. खोदकाम एकाच ठिकाणी. दोन्हींतला फरक वर्षागणिक वाढत गेला तर बोट दाखवता येतं.

खोदकाम चालू असतानाच २०१६ मध्ये मॅथ्यू आणि २०१७ मध्ये इर्मा ही चक्रीवादळं येऊन गेली. वादळाचं खारं पाणी आत घुसतं आणि पुढच्या पुराने धुऊन जातं. आलेखात तो सुळका वेगळा दिसतो. खोलीमुळे होणारी वाढ सुळक्यासारखी नसते, सगळी रेघच हळूहळू वर उचलली जाते. आणि वरच्या अंगाला थर्मंडसारखी मोठी धरणं आहेत. दुष्काळात तिथून किती पाणी सोडलं याची नोंद नसेल तर खाली मोजलेल्या खारेपणाला काही अर्थ नाही. नदीचा विसर्ग आणि खारेपणा, दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचे.

---

खाडीकाठची, रविवार सकाळी ७:५०

माझं माहेर उरणकडचं, लग्नानंतर बावीस वर्षं नागपुरात. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडे भरतीला दोन नावं आहेत. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग. उधाणात पाणी जोरात येतं, सगळं ढवळून निघतं. भांगाला पाणी संथ. माझे आजोबा म्हणायचे, भांगाला खाडी "दोन पदरी" होते, वर वेगळं पाणी आणि खाली वेगळं. हे खरं का?

दुसरं. आमच्या खाडीत निवट्या मिळायच्या, जिताडा मिळायचा, चिंबोऱ्या तर अंगणात चालत यायच्या. नंतर परिसरात भराव झाले, वाटा खोल झाल्या. मासळी कमी झाली हे आम्हाला ठाऊक आहे, पण किती कमी झाली विचारलं की आमच्याकडे फक्त आजीचं सांगणं. काकांच्या त्या तीन शेतकऱ्यांसारखंच.

---

निरीक्षण_विहीर, रविवार सकाळी ९:१५

ताई, आजोबांनी अगदी बरोबर सांगितलं. भांगाला ढवळण कमी, म्हणून गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली थरासारखं पसरतं, तळाने आत सरकतं. उधाणाला दोन्ही मिसळतात. सव्हानातही हा पंधरवड्याचा खेळ दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा होडी नेऊन वरचं पाणी बाटलीत भरलं तर फसगत होते. नेमका उधाणाचा दिवस असला तर तळाचा थर हुकतो. मोजमाप पंधरवडाभर सलग हवं, तळालाही हवं. "दोन पदरी" हा शब्द मी वहीत लिहून घेतला.

आजीच्या सांगण्याला कमी लेखू नका. ते लिहून ठेवा. कोणत्या साली, कोणत्या जागी, कोणता मासा, कोणत्या जाळ्यात. माणसं आहेत तोवर.

---

पक्षकार, रविवार सकाळी १०:३०

उरण-पनवेल भागाबद्दल एक नोंद. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाने १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. भरती-ओहोटीचं पाणी अडणं आणि खारफुटी जाणं हे त्या वादाच्या मुळाशी होतं. दाव्यात नेहमी अडतं ते इथंच, नुकसान झालं हे एक वेळ मान्य होतं, किती झालं यावर वर्षं जातात.

---

नकाशेवाला, रविवार दुपारी १२:१०

याचा नागपूरशी थेट संबंध आहे, तो सांगायलाच हवा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली. त्यानंतर राज्यातल्या खारफुटीचे नकाशे उपग्रहचित्रांवरून तयार करायचं काम झालं ते आपल्या नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात. समुद्रापासून इतक्या लांब बसून किनाऱ्याची पानं मोजली गेली.

पण उपग्रहाची मर्यादा मला रोज दिसते. त्याला हिरवं आणि चिखल यांतला फरक छान कळतो. गोड्या पाण्याचं गवत जाऊन तिथं खाऱ्या पाण्याचं गवत आलं, तर दोन्ही हिरवीच. नकाशावर क्षेत्र तेवढंच राहतं आणि खाली सगळं बदललेलं असतं. ठाणे खाडीचं बघा. तिथं गाळ साचत गेला तशी खारफुटी वाढली, नकाशावर हिरवा रंग वाढला. पण फ्लेमिंगोला उघडा चिखल लागतो, आणि खारफुटी पसरली ती त्या चिखलावरच. "हिरवळ वाढली" ही बातमी म्हणून मला अपुरी वाटते. चिखलात पाय घालून मोजणारा माणूस लागतोच.

---

गोदामवाला, रविवार दुपारी २:००

मी मालवाहतुकीत आहे. आपल्याकडचा माल नागपूरच्या अजनीहून कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेव्याला जातो. जहाज मोठं असेल तर कंटेनरमागे भाडं कमी पडतं, आणि मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं. २०१६ मध्ये पनामा कालव्याची रुंद दारं उघडली, ती उघडणार म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरं खोलीसाठी धावली, सव्हाना त्यांतलंच. बंदरं खोल होणारच. विदर्भातल्या शेतकऱ्याचा माल परदेशी स्वस्तात जावा असं वाटत असेल तर याला विरोध करून कसं चालेल? एवढंच माझं म्हणणं.

---

निरीक्षण_विहीर, रविवार दुपारी ३:२०

भाऊ, माझा विरोध नाही. माझा जावईच त्या बंदरावर अवलंबून असलेल्या धंद्यात आहे. मी म्हणतो ते असं, की खोदा, पण आधी मोजा, आणि कोणता आकडा आला तर काय करायचं हेही आधीच लिहून ठेवा.

तिथं एकूण खर्च सुमारे ९७ कोटी डॉलर झाला, त्यातला जवळपास निम्मा पर्यावरणाचं नुकसान कमी करण्यावर. वरच्या अंगाला एका फाट्याच्या तोंडाशी बांधकाम करून जास्त गोडं पाणी मागच्या फाट्यांकडे वळवलं. जुन्या दाराचे खांब काढले. खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो म्हणून नदीत प्राणवायू सोडणारी यंत्रं बसवली. कोर्टात वाद झाला, त्यातून तडजोड झाली, आणि अट अशी पडली की ही यंत्रं चालवून दाखवल्याशिवाय आतल्या बंदरात खोदायचं नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे "काम झाल्यावर बघू" म्हणतात. तिथं आधी बघा, मग काम, असं लिहून घेतलं गेलं.

तरीही सगळं जमेलच असं मी म्हणणार नाही. गोड्या खाजणाचा काही भाग निमखारा होणार हे त्यांनी आधीच मान्य केलंय, आणि त्या बदल्यात दुसरीकडे जमिनी विकत घेऊन राखल्या आहेत. राखलेली जमीन म्हणजे गेलेलं खाजण परत मिळणं नव्हे. हे मला खुपतं.

---

पूर्णाकाठ (अकोला), रविवार संध्याकाळी ६:४५

आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. लिटरमागे अर्धा ग्रॅम वाचून थांबलो. आमच्या शिवारातल्या कित्येक विहिरी याच्या कितीतरी पट खाऱ्या. समुद्र नाही, भरती नाही, तरी बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्याने ओलित केलं की जमीन चोपण होते, वर पापुद्रा धरते. एक वर्ष चांगला पाऊस झाला की वरचा थर धुऊन निघतो आणि पराटी (कपाशी) बरी येते. मग खाजणातही चांगला पूर आला की सगळं धुऊन निघत असेल ना?

---

निरीक्षण_विहीर, रविवार रात्री ८:३०

दादा, याचं उत्तर त्या आल्टमहा नदीवरच्या एका प्रयोगाने दिलंय, आणि तो प्रयोग मला फार आवडला. गोड्या खाजणात त्यांनी छोटे चौकोन आखले. काही चौकोनांना वर्षातून दोनेक महिनेच निमखारं पाणी दिलं, दुष्काळाची नक्कल म्हणून. काहींना सतत दिलं, समुद्र कायमचा वर चढल्यासारखं. २०१४ पासून २०१७ च्या अखेरपर्यंत. अधूनमधून खारं पाणी मिळालेले चौकोन बऱ्यापैकी तगले. सतत मिळालेल्यांत झाडं एकेक करून गेली आणि, लक्ष द्या, जमीनच खाली बसली.

का बसली ते असं. तिथली माती म्हणजे मेलेली मुळं-पानं यांचा थर. झाडं गेली की नवी मुळं मातीला फुगवत नाहीत. शिवाय समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. ते वापरून जगणारे जिवाणू चिखलातला पालापाचोळा कुजवतात आणि मुळांना विषारी असा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. खाजणाची उंची काही सेंटिमीटर उतरली तरी ते भरतीत जास्त वेळ बुडतं. म्हणून खाजणाची उंचीही मोजावी लागते. खोल रोवलेल्या लोखंडी सळईपासून, मिलिमीटरमध्ये.

तेव्हा तुमचा अनुभव खरा आहे, एका वर्षाचं खारं पाणी धुऊन जातं. बंदराची खोली मात्र कायमची असते.

---

बांधीवाला (भंडारा), रविवार रात्री ९:१०

तुम्ही रानटी भाताचं नाव घेतलं म्हणून विचारतो. तिथं धान पिकत होतं का कधी?

---

निरीक्षण_विहीर, रविवार रात्री ९:५५

पिकत होतं, आणि तो इतिहास अंगावर येतो. ते अभयारण्य उभं आहे तेच मुळी जुन्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून दलदलीतली झाडं तोडून घेतली, हातांनी मैलोन्‌मैल पाळी (मातीचे बांध) घालून घेतल्या. प्रत्येक बांधीला लाकडी दार. भरतीला नदीचं वरचं गोडं पाणी चढलं की दार उघडायचं, बांधी भरायची. ओहोटीला निचरा करायचा. पंप नाही, मोट नाही. म्हणजे पाणी कुठवर गोडं आहे, कोणत्या तिथीला खारं येतं, हे त्या माणसांना रोजच्या रोज ठाऊक असणार. एक दिवस चुकला की धान जळणार. ती नोंद त्यांच्या डोक्यात होती, आणि ती कोणी विचारून लिहून घेतली नाही. त्या पाळींवरून मी लेकीबरोबर चाललो. आपल्या साकोलीकडच्या पाळीवर चालल्यासारखंच वाटत होतं, आणि मधेच आठवायचं की ही कोणी घातली. मग बोलणं थांबायचं.

---

कुहीकर, सोमवार सकाळी ८:०५

माझं गाव आंभोऱ्याच्या जवळ. रात्री नकाशा काढून बसलो. आपल्या नाग नदीचं पाणी कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी आंध्रात काकिनाड्याजवळ समुद्र. तिथं कोरिंगाची खारफुटी आहे, आणि बाजूला बंदर. म्हणजे आपल्या घरचं सांडपाणीही शेवटी एका खाजणातच जाऊन राहिलं.

---

नकाशेवाला, सोमवार सकाळी ९:३०

आणि फक्त पाणीच नाही, गाळही. गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणं झाली तसा मुखाशी पोचणारा गाळ खूप घटला आहे. खाजणाला उंची टिकवायला तोच गाळ लागतो. खाली बंदराची वाट खोदली जाते तेव्हा लोक तिच्याकडे बघतात. वर धरणात अडलेल्या गाळाकडे कोणी बघत नाही. खाली काकिनाड्याला मोजणाऱ्याला वरचा वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा विसर्ग आणि गाळ कळायला हवा. काका म्हणाले ना, दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

---

कुहीकर, सोमवार रात्री ८:४०

काका, आमच्या नाल्याचं खोलीकरण या उन्हाळ्यात होणार म्हणतात. मी आणि दोन मित्र उद्यापासून अकरा विहिरी मोजतो. टेप आहे, शाळेतल्या सरांकडून वाहकता मोजायचं छोटं यंत्र मिळालं. काही चुकू नये म्हणून विचारतो, पाणी कुठून मोजायचं? काठापासून का जमिनीपासून?

---

निरीक्षण_विहीर, सोमवार रात्री ८:५५

शाब्बास रे बाबा. काठावर एक जागा ठरव आणि तिथं तेलरंगाने खूण कर. कायम त्याच खुणेपासून मोज. खुणेची जमिनीपासूनची उंची पहिल्याच पानावर लिही, कारण पुढे कोणी कठडा पाडून नवा बांधला तर सगळे आकडे फुकट जातात. हे माझ्या तीन विहिरींवर झालंय. पहाटे मोज, रात्रभर मोटर बंद असेल तेव्हा. शेजारच्या विहिरीची मोटर चालू होती का तेही लिही. आणि नाल्यापासून लांब, जिथं खोदकामाचा परिणाम पोचणार नाही, अशा दोन विहिरी आणखी घे. अकराच्या तेरा होतील.

---

कुहीकर, मंगळवार सकाळी ६:५०

चार झाल्या. पहिलीचा कठडा जमिनीपासून ७२ सेंटिमीटर, खूण पूर्वेच्या अंगाला, पाणी खुणेपासून ६ मीटर ४० सेंटिमीटर खाली. शेजारची मोटर बंद होती. बाकीच्या संध्याकाळी टाकतो.